अण्णांचा एमआरआय आणि ‘वयोमानानुसार’ हा शब्द

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती. ‘साठी ओलांडली? तुमच्या मेंदूचं खरं वय जाणून घ्या!’ खाली एमआरआयचं पॅकेज, सवलतीचा दर आणि हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो. ग्रुपवर अंगठ्यांचा नुसता पाऊस. दोन-तीन जणांचे मला फोन आले. “तुम्ही पत्रकार आहात, तुम्हाला माहीत असणार. हे खरं असतं का हो? आईचं करून घ्यावं का?”

फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी घरचं सांगतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. ३१ वर्षं नोकरी केली. मुक्कामाच्या गाडीत रात्री बसून वेबिल पूर्ण करायचे आणि हिशोबात कधी चार आण्याचा फरक यायचा नाही. असा माणूस सहा वर्षांपूर्वी किराणा दुकानात सुट्टे पैसे मोजताना अडायला लागला. एकच गोष्ट पाच-पाच वेळा विचारायला लागला. मग एक दिवस बसस्टँडवरून घरी येताना रस्ता चुकला. ज्या स्टँडवर सगळी हयात गेली, तिथून! ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेलो. साडेसहा हजार भरून एमआरआय काढला. रिपोर्ट इंग्रजीत, दोन पानांचा. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, मोजून दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले, “वयोमानानुसार मेंदू आकसलाय. या वयात एवढं चालायचंच.” सोबत एक टॉनिक लिहून दिलं.

खरं सांगू का, आम्हाला हायसं वाटलं. दादा म्हणाला, “बघ, मशीनमध्ये काही निघालं नाही.” आई गप्प होती. पुढची दीड वर्षं अण्णांचं काही चुकलं की आम्ही ‘वय झालंय’ म्हणून सोडून द्यायचो. कधी कधी चिडायचोसुद्धा. बीपीच्या गोळ्या त्यांच्या तेच घ्यायचे, म्हणजे बहुतेक वेळा विसरायचे. घरात तीन मोठी माणसं, पण गोळ्यांचं पाकीट कुणी मोजून बघितलं नाही. मीही नाही.

दीड वर्षाने एका सकाळी डावा हात उचलेना. झटका हलका होता, त्यातून सावरले. मग पुण्याला एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलं. त्यांनी नव्या स्कॅनबरोबर जुना रिपोर्टही मागितला. दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?”

त्या ओळीचा अर्थ असा, की मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेलं जुनं नुकसान दिसतंय. साध्या भाषेत सांगायचं तर वाढलेल्या बीपीने मेंदूतल्या बारीक नळ्या खराब होत चालल्या होत्या. विसरणं, मंदावणं, हिशोब चुकणं यातूनही येतं. आणि निदान पुढचं नुकसान कमी व्हावं म्हणून करण्यासारखं बरंच काही होतं. गोळ्या वेळेवर देणं ही त्यातली पहिली गोष्ट.

नंतर मॅडमनी अर्धा-पाऊण तास आईशी बोलणं केलं. आधी काय विसरायला लागले? पैशाचा हिशोब कधीपासून चुकतो? चाल बदलली का? रात्री भास होतात का? तोपर्यंत आईला हे प्रश्न कुणीच विचारले नव्हते.

म्हणजे फोटो बरोबर होता. वाचणाऱ्याने अर्धवट सांगितला आणि आम्ही सोयीचं तेवढं ऐकलं. त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते पत्रकार म्हणून मांडतोय, मी डॉक्टर नाही.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. ‘म्हातारचळ’ हा तर शिवीसारखा वापरतो आपण. म्हातारपण आलं की डोकं जाणारच, असं आपण धरून चाललोय. हे खरं नाही, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सगळ्यात ठळकपणे दाखवलं ते मेंदूच्या फोटोंनी.

अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०१ साली फ्रँकफुर्टमध्ये ज्या बाईंना तपासलं, त्या ऑगस्टे डेटर तेव्हा अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. १९०६ साली त्या वारल्यावर डॉक्टरांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि त्यात पेशींच्या बाहेर साठलेले गोळे आणि पेशींच्या आतला गुंता दिसला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हा रोग खात्रीने ओळखायचा एकच मार्ग होता, माणूस गेल्यावर मेंदू उघडून बघणे.

१९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला आणि जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावता यायला लागलं. पुढे एमआरआय आला. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठं लोहचुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याच्या आधारे चित्र तयार होतं. त्यात मेंदूचा कुठला भाग किती आकसलाय, रक्तस्राव कुठे झालाय, बारीक नळ्यांचं नुकसान किती, हे दिसतं. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्यासारखा दिसणारा एक भाग असतो. नवी आठवण साठवायचं काम बऱ्याच अंशी तिथे चालतं. अल्झायमरमध्ये तो इतर भागांच्या आधी आणि वेगाने झिजायला लागतो.

मग पेट स्कॅन. यात किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि ते मेंदूत कुठे जातं ते टिपतात. साखरेसारखं द्रव्य दिलं तर मेंदूचा कुठला भाग कमी साखर खातोय, म्हणजे कुठे काम मंदावलंय, ते कळतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात क्लंक आणि मॅथिस या दोघांनी असं द्रव्य तयार केलं, जे थेट अल्झायमरच्या त्या गोळ्यांना, म्हणजे अमायलॉइडला, जाऊन चिकटतं. २००२ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे ते पहिल्यांदा पेशंटला दिलं गेलं. २००४ साली निष्कर्ष छापून आले. जी गोष्ट बघायला माणूस मरायची वाट बघावी लागायची, ती जिवंतपणी पडद्यावर दिसली.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘ॲडनी’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. शेकडो म्हाताऱ्या माणसांचे वर्षानुवर्षं स्कॅन, रक्त, स्मरणशक्तीच्या चाचण्या, आणि सगळी माहिती जगभरच्या संशोधकांना खुली. अशा अभ्यासांतून कळलं की विसरायला सुरुवात होण्याआधी पंधरा-वीस वर्षं अमायलॉइड साठायला लागलेलं असतं. म्हणजे सत्तराव्या वर्षी जे दिसतं ते पन्नाशीत सुरू झालेलं असू शकतं. हे वाचताना माझा हात आपसूक डोक्याकडे गेला. माझं वय ४७.

एवढं सगळं वाचल्यावर वाटेल की मग पॅकेज घ्यायला काय हरकत आहे? थांबा. या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि जाहिरातीत ती नसते.

धडधाकट, व्यवहार चोख असलेल्या म्हाताऱ्या माणसांचा पेट स्कॅन केला तर त्यातल्या साधारण पाचातल्या एकाच्या, वय वाढेल तसं तिघातल्या एकाच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं. त्यांना काही झालेलं नसतं आणि काहींना कधी होणारही नाही. अमेरिकेत ६७८ जोगिणींवर, म्हणजे चर्चच्या सिस्टर्सवर, एक अभ्यास झाला. त्यांनी मृत्यूनंतर मेंदू दान केले होते. काहींच्या मेंदूत रोगाच्या खुणा भरपूर होत्या, पण शेवटपर्यंत बुद्धी शाबूत होती. तेव्हा फोटोत डाग दिसला म्हणून माणूस गेला असं नाही, आणि फोटो साफ आला म्हणून निश्चिंत राहावं असंही नाही. आधी माणूस तपासायचा, मग फोटो बघायचा. आमच्याकडे हे उलटं झालं.

‘मेंदूचं वय’ हा प्रकारही समजून घ्या. कॉम्प्युटरला हजारो लोकांचे एमआरआय आणि त्यांची वयं दाखवतात, मग तो नव्या फोटोवरून वयाचा अंदाज बांधतो. संशोधनासाठी हे उपयोगाचं आहे, कारण तिथे हजारो माणसांची सरासरी बघायची असते. पण एका माणसाच्या बाबतीत हा अंदाज चार-पाच वर्षं इकडे-तिकडे सहज होतो. ६८ वर्षांच्या आजोबांना ‘तुमचा मेंदू ७३ चा’ असं छापून दिलं तर त्यांनी त्या कागदाचं काय करायचं?

आणि आता मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो. ‘वयोमानानुसार’ म्हणजे कुणाच्या वयोमानानुसार?

जगभर मेंदूचे फोटो एकमेकांशी ताडून बघायला एक नमुना-मेंदू वापरतात. सर्वात जास्त चालणारा नमुना कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा, १५२ तरुण माणसांच्या स्कॅनवरून केलेला. ‘ॲडनी’मध्ये सुरुवातीपासून बहुतेक लोक गोरे आणि सरासरी पदवीपर्यंत शिकलेले. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ने २०२५ साली १ लाख लोकांचे स्कॅन पूर्ण केले. प्रचंड मोठं काम आहे, त्याला दादच दिली पाहिजे. पण त्यातही बहुसंख्य लोक गोरे आणि तिथल्या सामान्य माणसापेक्षा तब्येतीने बरे.

२०१९ साली हैदराबादच्या आयआयआयटीने १०० भारतीय तरुण-तरुणींच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. त्यात दिसलं की आपला मेंदू सरासरीने पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा उंचीला, रुंदीला आणि आकारमानाला थोडा लहान आहे. याचा बुद्धीशी काही संबंध नाही, कृपया कमेंटमध्ये तो वाद नको. अर्थ एवढाच, की त्यांच्या मापाची पट्टी लावली तर आपला चांगला मेंदूही आकसलेला वाटू शकतो, आणि खरोखर आकसलेला कदाचित ‘वयोमानानुसार’ म्हणून सुटू शकतो.

आता हे आकडे बघा. ‘लासी’ या देशव्यापी अभ्यासाच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसं. आणि प्रमाण जास्त कुणात? बायकांमध्ये, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत.

म्हणजे रोग आमच्या आजीला, आणि नमुन्याचा फोटो मॉन्ट्रियलच्या तरुणाचा.

“इथे साधा फिजिशियन मिळत नाही, मेंदूचं संशोधन कुठलं घेऊन बसलात?” असं काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी शेजारच्या कर्नाटकाचं उदाहरण आहे. कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुका, आंब्यासाठी प्रसिद्ध. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राने तिथल्या खेड्यांतली ४५ वर्षांपुढची १० हजार माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायचं ठरवलंय. शेतकरी, मजूर, घरात राबणाऱ्या बायका. रक्त, जनुकं, स्मरणशक्ती, चालणं, आणि मेंदूचा एमआरआयसुद्धा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना शंभरातून सात वजा करत जा असं विचारून चालत नाही, म्हणून चाचण्या त्यांच्या जगण्याशी जुळवून घ्याव्या लागतात. हे शहाणपणही आपल्याच देशातलं. हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर माणसांसाठी हिंदीत अशी चाचणी नव्वदच्या दशकातच तयार झाली होती.

कोलारचा शेतकरी या अभ्यासात येऊ शकतो तर विदर्भ-मराठवाड्यातला का नाही? आमच्याकडची उन्हं वेगळी, खाणं वेगळं, तंबाखूची मिश्री वेगळी, शेतातली फवारणी वेगळी, बायकांचं अर्ध्यावर सुटलेलं शिक्षण वेगळं. याचा मेंदूवर काय परिणाम होतो हे आमच्याच माणसांचे फोटो वीस वर्षं काढत गेल्याशिवाय कसं कळणार? आपल्या राज्यात वैद्यकीय महाविद्यालयं भरपूर आहेत, नवीही निघतायत. त्यातल्या दोन-तीनांना हे काम द्यायला काय अडचण आहे?

एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. पेट स्कॅन गावोगाव नेता येणार नाही. त्यात वापरतात त्या फ्लोरिन-१८ चं किरणोत्सर्जन ११० मिनिटांत निम्मं होतं. पिट्सबर्गच्या पहिल्या द्रव्यातला कार्बन-११ तर २० मिनिटांत निम्मा होतो. म्हणजे सायक्लोट्रॉनमधून निघालेलं औषध वेळेत पोहोचलं पाहिजे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला बसला, त्यानंतर ही सोय वाढली, पण मोठ्या शहरांभोवतीच. आमचे रस्ते बघता इथपर्यंत निम्मंही पोहोचायचं नाही. म्हणून रक्ताच्या चाचणीकडे लक्ष ठेवा. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. ती खरी आहे की नाही हे ताडून बघितलं गेलं ते पेट स्कॅन आणि मणक्यातल्या पाण्याशी. आज परळ आणि पिट्सबर्गमध्ये होणारे महागडे फोटो उद्याच्या स्वस्त चाचणीचा पाया आहेत, हे विसरून चालणार नाही.

औषधांबद्दलही खूप फॉरवर्ड फिरतात. लेकानेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली हे खरं. ही औषधं अमायलॉइड कमी करतात आणि रोगाचा वेग काहीसा कमी करतात. गेलेलं परत आणत नाहीत. फक्त सुरुवातीच्या टप्प्यावर देतात, आणि मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतोय का हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. तेव्हा कुणी ‘डिमेन्शिया बरा करणारं इंजेक्शन’ म्हणालं तर सावध राहा.

आता फोन केलेल्यांना उत्तर.

माणूस ठणठणीत असेल तर हौस म्हणून मेंदूचा एमआरआय करू नका. त्या पैशात बीपी-साखर तपासा, कानाचं मशीन घ्या, मोतीबिंदू काढा. थट्टा नाही करत. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगाने असे १४ धोके मोजलेत जे आटोक्यात आणता येतात. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू ओढणं, दारू, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, कमी शिक्षण, लठ्ठपणा, बसून राहणं. हे सगळे हटवता आले तर स्मृतिभ्रंशाच्या जवळपास ४५ टक्के केसेस टळू शकतात किंवा लांबू शकतात, असा त्यांचा हिशोब आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत बीपी जास्त काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये सौम्य विस्मरण कमी आढळलं, आणि ज्यांचे एमआरआय काढले त्यांच्या मेंदूतलं ते पांढऱ्या भागाचं नुकसानही हळू वाढलं. पूर्ण स्मृतिभ्रंश टळतो हे त्यातून पक्कं ठरलं नाही. पण अण्णांचं पाकीट आठवलं की मला एवढंही पुरतं. गोळ्यांचा डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

माणसात बदल दिसत असेल, हिशोब चुकतोय, रस्ता चुकतोय, स्वभाव पालटलाय, तर उशीर करू नका. तिथे स्कॅन हवाच. कधी कधी पडल्यामुळे डोक्यात हळूहळू रक्त साचलेलं असतं, कधी पाणी साठलेलं असतं, कधी गाठ असते. यातलं बरंच ऑपरेशनने सुधारतं. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणीही सोबत करून घ्या. आणि रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ही झीज वयाच्या मानाने आहे की जास्त? रक्तवाहिन्यांबद्दल काय लिहिलंय? यावर आम्ही घरी काय करायचं? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका. डॉक्टरांसमोर रांग असते, त्यांची अडचण मला कळते. पण आमचं दीड वर्ष त्या रांगेत गेलं.

सरकारकडे मागणं फार नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्मृती तपासणीचा आठवड्यातून एक ठरलेला वार असावा, बोर्डावर लिहिलेला, आणि त्या दिवशी माणूस हजर असावा. एमआरआयच्या रिपोर्टसोबत मराठीत चार ओळींचा सारांश सक्तीचा करावा. आणि श्रीनिवासपूरसारखा दीर्घ अभ्यास महाराष्ट्रातल्या एका तरी ग्रामीण तालुक्यात सुरू करावा. आमदार-खासदारांना विचारा. मी विचारलंय, “बघू” असं उत्तर आलंय.

अण्णा आता ७६ चे आहेत. मला बऱ्याचदा दादा समजतात. पण बीपी आटोक्यात आहे, दुसरा झटका आलेला नाही, रोज संध्याकाळी आईसोबत स्टँडपर्यंत चालत जातात. तिथे बाकड्यावर बसून गाड्या बघतात. आईला काळजी घेताना काय चुकतंय, काय बरोबर, हे आता कळतं, आणि आम्ही चिडत नाही. निदान फारसे नाही.

तुमच्या घरात असा एखादा जुना रिपोर्ट कपाटात पडला असेल तर आज काढा आणि दुसरं पान वाचून घ्या. तुमचे अनुभव कमेंटमध्ये लिहा, मी सगळे वाचतो. पटलं तर पुढे पाठवा, नावासकटच पाठवा असा आग्रह नाही.